किल्ल्याचा चिखल आणि खेळण्याचा सांधा

शाळांना दिवाळीची सुट्टी लागली की कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत दगड-विटांना एकदम किंमत येते. कुणाचं बांधकाम चालू असेल तिथं पोरं घुटमळायला लागतात. फुटक्या विटा, फरशीचे तुकडे, जुनी कौलं, धान्याचं गोणपाट असा सगळा माल उभ्या मारुती चौकाच्या आणि निवृत्ती चौकाच्या आसपासच्या बोळांतून सायकलच्या कॅरिअरवरून हलतो. तांबडी माती कुठून आणायची यावर थोरल्या पोरांची खलबतं होतात. दोन-तीन दिवसांत दाराशी, जिन्याखाली, अपार्टमेंटच्या पार्किंगमधल्या एखाद्या कोपऱ्यात किल्ला उभा राहतो. तरुण मंडळांचे किल्ले याहून कितीतरी मोठे, नकाशे समोर ठेवून केलेले असतात, आणि ते बघायला गर्दी लोटते. पण मला बोलायचंय ते गुडघाभर उंचीच्या, पोरांनीच ठरवलेल्या आणि पोरांनीच लिंपलेल्या किल्ल्याबद्दल. मुलांसाठी बांधणीची खेळणी घडवायची ज्यांना इच्छा आहे, त्यांनी आधी हा किल्ला जवळ बसून बघावा, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्यांदाच किल्ला करणारी पोरं मातीचा ढीग घालतात. दुसऱ्या दिवशी उन्हात त्या ढिगाला भेगा जातात आणि कडेचा भाग सुटून पडतो. पुढच्या वर्षी तीच पोरं आधी दगड-विटांचा सांगाडा रचतात, त्यावर गोणपाट पसरतात आणि गोणपाटावर चिखलाचा लेप देतात. “पोतं आधी भिजीव, मग टाक,” ही थोरल्याची पहिली सूचना असते, आणि तिच्यामागं पक्कं कारण आहे. कोरडं पोतं चिखलातलं पाणी ओढून घेतं, लेप घाईनं सुकतो आणि पापुद्रा होऊन निघतो. ओलं पोतं मात्र दगडांच्या खाचांत बसतं, त्याला डोंगराच्या सोंडांसारख्या घड्या पडतात आणि लेप त्याच्या विणीत शिरून धरून राहतो. माती सुकताना आकसते. आकसताना तिच्यात ताण येतो, आणि ताण सोसण्याची ताकद मातीत फारच कमी असते. तो ताण तागाचे धागे अंगावर घेतात. घराच्या मातीच्या गिलाव्यात पूर्वी भाताचं तूस आणि गवत कालवत ते याचसाठी, आणि काँक्रीटमध्ये सळई घालतात तीही याचसाठी. काळ्या मातीचा किल्ला जास्त फुटतो हेही पोरांना ठाऊक असतं. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आत ओढली जाते. तांबड्या मातीत हा प्रकार पुष्कळ कमी, म्हणून तिच्यासाठी एवढी धावाधाव.

वाघाची गुहा हा दुसरा धडा. गुहेचं तोंड मोठं हवं, ही सगळ्यांची हौस. नुसत्या मातीचं छत बसतं. मग कुणीतरी कौलाचा लांबट तुकडा दोन दगडांवर आडवा टाकतो आणि त्यावर माती थापतो. तुकडा लांब असेल तर मधेच मोडतो, कारण दगड, वीट, कौल यांना दाबून धरलेलं सोसतं, वाकवलेलं सोसत नाही. तोंड लहान करावं लागतं किंवा मधे खांब द्यावा लागतो. देवळांच्या सभामंडपांत खांबांची एवढी गर्दी का, याचं उत्तर त्या वाघाच्या गुहेत मिळतं. कारंज्याचंही तसंच. सलाईनची रिकामी बाटली खिडकीच्या गजाला टांगायची, नळी पोत्याखालून फिरवून तळ्यात काढायची आणि टोकाला संपलेल्या पेनाची रिफील बसवायची. बाटली जेवढी वर, तेवढी धार उंच. बाटलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा धार कधीच वर जात नाही, हे कुणी फळ्यावर लिहून दाखवायच्या आत पोरांनी बाटली वरखाली करून पाहिलेलं असतं.

आणि मग चित्रं. गंगावेशीतल्या कुंभारांकडून आणलेले मावळे, तोफा, गवळणी, वाघ, आणि सिंहासनावरचे महाराज. महाराजांची मूर्ती बहुतेक वेळा गडाच्या दरवाजापेक्षा उंच असते आणि मावळा वाघाएवढा. मोठ्यांना हे खटकतं. मुलांना खटकत नाही, कारण त्यांच्या मापात जो महत्त्वाचा तो मोठा. खेळणी घडवणाऱ्यानं ही गोष्ट जपून ठेवायला हवी. सगळं एकाच प्रमाणात हवं हा आग्रह मुलांचा नसतो, तो आपला असतो.

कोल्हापूरच्या पोरांना आणखी एक भाग्य लाभलंय. खरा गड जेमतेम 20 किलोमीटरवर आहे. पन्हाळा शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधायला घेतला गेला. त्याची तटबंदी 7 किलोमीटरच्या वर भरते. एकदा तीन दरवाजा बघून आलेलं पोर पुढच्या दिवाळीत सरळ दार करत नाही, आत शिरणाऱ्याला वळावं लागेल असं करतं. अंधारबाव पाहिलेलं पोर विहिरीला जिना मागतं. 1660 च्या सिद्दी जौहरच्या वेढ्याची गोष्ट ऐकलेली असली की गडामागून एक चोरवाट निघते आणि ती थेट शेजारच्या दारातल्या किल्ल्यापर्यंत, म्हणजे विशाळगडापर्यंत जाते. बांधणी, गोष्ट आणि पाहिलेली जागा अशा तिन्ही गोष्टी एकाच खेळात येतात, तेव्हा मूल दिवस-दिवस त्यात रमतं.

आता याच्या शेजारी जगातली नावाजलेली बांधणीची खेळणी ठेवून पाहू. माझ्या मते अशा खेळण्यात सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे सांधा. दोन तुकडे एकमेकांना कशानं धरून ठेवतात? या एका प्रश्नाच्या उत्तरावर खेळणं किती अचूक बनवावं लागेल, ते कोण बनवू शकेल, किती रुपयांना पडेल, आणि मुलाच्या हातून त्यातून काय काय होऊ शकेल, हे सगळं ठरतं.

जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलनं 1837 पासून लहान मुलांसाठी लाकडी ठोकळ्यांचे संच तयार करायला सुरुवात केली. त्याच्या तिसऱ्या संचात 2 इंची घन आठ सारख्या घनांत कापलेला असतो, म्हणजे प्रत्येक तुकडा 1 इंचाचा. इथं सांधा नाहीच. ठोकळा ठोकळ्यावर केवळ वजनानं बसतो. म्हणून मुलाला तोल सांभाळावा लागतो आणि त्यातूनच ते शिकतं. फ्रोबेलचा एक नियम होता की रचनेत सगळे तुकडे वापरायचे आणि नवी रचना आधीची मोडून न टाकता, तुकडे सरकवत करायची. अमेरिकेचा थोर वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट लहानपणी याच ठोकळ्यांशी खेळला होता, आणि ते गुळगुळीत लाकूड आपल्या बोटांत राहिल्याचं त्यानं आत्मचरित्रात नोंदवलंय.

1901 साली लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं दुसरा सांधा आणला, नट आणि बोल्टचा. आपल्या मुलांसाठी खेळण्यातली क्रेन करताना त्यानं पत्र्याच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांना सारख्या अंतरावर भोकं पाडली. क्रेनसाठी केलेली पट्टी पुलालाही चालते, हे त्याच्या लक्षात आलं, कारण भोकांचं अंतर सगळीकडे अर्धा इंच होतं. पुढं 1907 मध्ये या खेळण्याला मेकॅनो हे नाव मिळालं. मेकॅनोत सांधा घट्ट असतो, पण सैल सोडला तर फिरतो. म्हणून त्यात यंत्रं होतात, चाकं आणि दांडे हलतात. मात्र पाना आणि स्क्रू ड्रायव्हर चालवायला हात थोडे मोठे लागतात.

लेगोची कथा तर पूर्णपणे सांध्याची कथा आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क ख्रिस्तियनसन या सुतारानं 1932 मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली. 1949 पासून त्याच्याकडं प्लास्टिकच्या पोकळ विटा होऊ लागल्या. वरती बुटुकं, खाली पोकळी. पण वीट विटेला नीट धरत नव्हती, उचललं की भिंत सुटायची. त्याचा मुलगा गोतफ्रेद यानं 28 जानेवारी 1958 रोजी ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात विटेच्या पोटात नळ्या आल्या. खालच्या विटेची बुटुकं त्या नळ्या आणि कडेची भिंत यांच्यामध्ये चेपून बसतात, आणि प्लास्टिक किंचित दबल्यानं पकड येते. तेव्हापासूनची वीट आजच्या विटेला बसते. एका बुटुकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर 8 मिलिमीटर, विटेची उंची 9.6 मिलिमीटर, आणि तीन पातळ पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एका विटेची उंची होते. आठ बुटुकांच्या दोन विटा 24 प्रकारे जोडता येतात. अशा सहा विटा जोडण्याचे प्रकार कोपनहेगनच्या गणिती सोरेन आइलर्सनं संगणकावर मोजले, तेव्हा आकडा आला 91 कोटी 51 लाख 3 हजार 765. कंपनी आधी 10 कोटींच्या आसपासचा आकडा सांगत असे, पण त्यात फक्त सहा मजली मनोरेच धरले होते.

हा आकडा ऐकून मान डोलवावीशी वाटते. पण त्याची किंमतही समजून घ्यायला हवी. लेगोचा सांधा कडक आहे. प्लास्टिक केसाच्या जाडीच्या अगदी लहानशा भागानं जरी चुकलं, तरी वीट एकतर बसत नाही किंवा धरत नाही. म्हणून साचा अतिशय अचूक लागतो, तो फार महाग पडतो, आणि असा कारखाना एखाद्या पेठेत उभा राहत नाही. स्वस्तातल्या नकली विटा हाताळलेल्या कुठल्याही आईला हे माहीत असतं. काही विटा निघता निघत नाहीत, काही टिकत नाहीत, आणि चार वर्षांचं मूल कंटाळून उठतं. त्या मुलाला बांधण्यात रस नाही असं घरचे समजतात. खरं तर त्याला सांध्यानं दगा दिलेला असतो.

याउलट मऊ सांधा. 1970 च्या दशकाच्या शेवटी अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोमधून रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले. तिथल्या आठवडी बाजारात मिळालेल्या वस्तूंतून त्यांनी एक सांधा शोधला. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या. काडीचं गुल खरवडून काढायचं. नळीचा बोटाच्या पेराहून लहान तुकडा कापायचा आणि दोन्ही टोकांनी एकेक काडी आत सारायची. दोन काड्यांचा हा सांधा कोपरासारखा वाकतो. तीन काड्या आणि तीन तुकडे घेऊन त्रिकोण करा, तो कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, तो हात लागताच कलंडून तिरका होतो. त्याला आडवी तिरकी काडी द्या, लगेच ताठ उभा राहतो. नळीच्या मधोमध बाभळीच्या काट्यानं भोक पाडून तिसरी काडी घातली की तीन काड्यांचा सांधा होतो, आणि मग घरं, मनोरे, पूल. गोदामाच्या पत्र्याखालच्या लोखंडी कैच्या त्रिकोणांच्याच का असतात, हे इथं बोटांना कळतं. या काड्या सगळ्या सारख्या जाडीच्या नसतात, पण रबर ताणून सामावून घेतं. मापातली चूक सांध्यानं पोटात घातली, म्हणून कारखान्याची गरजच उरली नाही.

अरविंद गुप्तांची पुढची बरीच वर्षं पुण्यात, आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गेली. कचऱ्यातून केलेली त्यांची शेकडो खेळणी तिथून देशभर पोहोचली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आयुकाची उभारणी करणारे आणि त्यांना तिथं बोलावणारे जयंत नारळीकर हे जन्मानं कोल्हापूरचे, याचा इथल्या माणसाला आनंद वाटणारच.

किल्ल्याचा चिखल हाही तसाच मऊ सांधा आहे. विटेचा तुकडा वाकडा असो, दगड ओबडधोबड असो, चिखल मधल्या फटी भरून काढतो. शिवाय तोच चिखल लेप होतो, तोच बुरुजाचा कंगोरा होतो आणि तोच पायरी होतो. 1971 मध्ये सायमन निकल्सन या इंग्रज कलावंतानं सुट्या भागांविषयी एक विचार मांडला होता. एखाद्या जागी मुलांची कल्पकता किती फुलेल, हे तिथं बदलता, हलवता येण्याजोग्या गोष्टी किती आणि किती तऱ्हेच्या आहेत यावर अवलंबून असतं. या हिशेबानं दिवाळीच्या किल्ल्याजवळ असते तेवढी श्रीमंती फार थोड्या खेळण्यांत सापडेल: माती, पाणी, दगड, वीट, पोतं, नळी, गेरू, चुना, करवंटी, रांगोळी आणि अळीव. अळीव तर दिवाळीच्या चार दिवस आधी ओल्या पोत्यावर पेरलेलं असतं आणि लक्ष्मीपूजनापर्यंत गडावर हिरवं रान उगवतं. बांधकाम स्वतःहून वाढतंय, असं दुसऱ्या कुठल्या खेळण्यात होतं?

आज बाजारात तयार किल्लेही मिळतात, रंगवलेले, प्लास्टरचे. आईवडील दोघं नोकरीवर, जागा नाही, माती नाही, पाण्याचा पसारा नको, हे सगळं मला समजतं. तरी मुलासाठी त्यात काहीच उरत नाही याचं वाईट वाटतं. चित्रं मांडली की पाच मिनिटांत खेळ संपतो. बांधणीच्या संचांतही हाच रोग शिरलाय. खोक्यावर एका गाडीचं चित्र असतं, आत पायरीपायरीची पुस्तिका, आणि त्या गाडीशिवाय कुठंच न बसणारे खास तुकडे. गाडी झाली की ती कपाटावर चढते. पुस्तिका वाचून तसंच करणं यातही शिस्त आहे, ती मी नाकारत नाही. पण मुलाला ठरवण्यासाठी काय शिल्लक ठेवलं, हा प्रश्न खेळणं घडवणाऱ्यानं प्रत्येक तुकड्यापाशी विचारायला हवा. कमानीचा तयार तुकडा दिला की मूल कमान ‘ठेवतं’. साध्या विटा दिल्या की त्याला ती उभी करावी लागते, खाली आधार धरावा लागतो, शेवटची वीट मधोमध ठोकून आधार हळूच काढावा लागतो, आणि तेव्हा कमान का पडत नाही याचं नवल त्याला वाटतं.

वयाचाही विचार करू. अमेरिकेत हॅरिएट जॉन्सन यांनी 1933 मध्ये मुलांच्या ठोकळ्यांच्या खेळातले टप्पे लिहून ठेवले. मूल आधी ठोकळे नुसते उचलून इकडून तिकडे नेतं. मग रांगा लावतं, थर चढवतं. मग दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा टाकून पूल करतं, जागा बंदिस्त करतं, नक्षी काढतं. बांधलेल्याला नाव देणं आणि त्यात गोष्ट खेळणं हे सगळ्यात शेवटी येतं. पेठेतल्या किल्ल्यावर ही सगळी वयं एकत्र राबतात. तीन वर्षांची ताई विटांचे तुकडे फक्त वाहते आणि त्यातच खूश असते. पाच वर्षांचा तट म्हणून खडे ओळीनं लावतो. दहा-बारा वर्षांचे बुरुज आणि दरवाजा घेतात. “आरं, बुरूज ढासळला की!” “मग? खाली दगडच लावला न्हाईस तू.” एवढ्या दोन वाक्यांत शिकवणं पुरं होतं. खोक्यांवर वय छापलेलं असतं आणि त्यामुळं भावंडं वेगवेगळ्या खोक्यांशी वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसतात. चांगल्या बांधणीच्या खेळण्यात सगळ्यात धाकट्यालाही वाहायला काहीतरी असावं, असं मला फार वाटतं.

महाराष्ट्रात ही दृष्टी नवी नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. 1957 मध्ये ते कोसबाडला गेलं. माँटेसोरी पद्धतीची घोटीव साधनं तिथल्या गरीब पालकांच्या आवाक्याबाहेरची होती. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी पानं, बिया, शंख-शिंपले, दगड-गोटे, माती यांतूनच साधनं उभी केली, आणि गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. साधन स्वस्त करताना त्यातला विचार पातळ होऊ द्यायचा नाही, हे त्यांच्याकडून शिकावं.

सुरक्षिततेचं भान मात्र सुटता कामा नये. 1 जानेवारी 2021 पासून भारतात 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. खेळण्यांच्या मानकातली एक चाचणी घडवणाऱ्यानं पाठच करावी. 31.7 मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं असतं, साधारण लहान मुलाच्या घशाचा अंदाज देणारं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा कुठलाही तुकडा त्यात पूर्ण मावता कामा नये.

या सगळ्यावरून मला कोल्हापुरात करता येईल असं एक खेळणं दिसतं. नेहमीची प्रमाणित वीट 190 बाय 90 बाय 90 मिलिमीटरची असते. सांध्याचा मसाला धरला की ती 200, 100, 100 होते. तिच्या चौथ्या हिश्श्यानं 50, 25, 25 मिलिमीटरची छोटी वीट करावी. आडव्या छेदाचा कर्ण 35 मिलिमीटरच्या वर जातो, म्हणजे अखंड वीट काय किंवा 25 मिलिमीटरचा अद्धा काय, त्या नळकांड्यात शिरत नाही. लाकडाची केली तर चिखलात फुगेल. म्हणून ती भाजलेल्या मातीची हवी, रंग आणि झिलई नको, आणि कडा ओल्या असतानाच बोटानं गोल केलेल्या हव्यात. माती वाळताना आणि भाजताना साधारण दहावा हिस्सा आकसते, तेव्हा साचा 55 मिलिमीटरच्या जरा वर घ्यावा लागेल. तो साचा उद्यमनगरातला कुठलाही पॅटर्न बनवणारा करून देईल, कारण ओतकामात धातूचं आकसणं धरून माप वाढवणं हे त्यांचं रोजचंच काम आहे. विटा घडवायला आणि भाजायला आपले कुंभार आहेत. एखादी वीट मिलिमीटरभर इकडंतिकडं झाली तरी काही बिघडत नाही, कारण सांधा चिखलाचा आहे. भाजलेली वीट फुटू शकते आणि फुटलेला तुकडा लहान असतो, म्हणून हे खेळणं चार वर्षांच्या पुढच्यांसाठी. धाकट्यांनी वाहतूक करायची ती अखंड विटांची, थोरल्यांच्या नजरेखाली.

अशी एक वीट जवळपास 55 ग्रॅमची भरेल. शंभर विटा म्हणजे साडेपाच किलो, एका लहान पोत्यात बसतील एवढ्या. रुंदी लांबीच्या बरोबर निम्मी असल्यामुळं भिंतीच्या कोपऱ्यात अद्धा लागत नाही. एका थरात आडवी, वरच्या थरात उभी वळवली की वरचा सांधा खालच्या सांध्यावर न येता आपोआप मधे पडतो. पण भिंतीत दार किंवा खिडकी सोडली की तिच्या कडेला एकाआड एका थरात अद्धा लागतोच, आणि मुलं दारं पुष्कळ सोडतात. म्हणून शंभरास तीस अद्धे घालावेत. गोल बुरुजासाठी पाचरीच्या आकाराच्या विटा मुद्दाम देऊ नयेत, कारण पाचर दिली की बुरुजाचा घेर ठरून जातो. सरळ विटा गोलात लावल्या की बाहेरच्या बाजूला फटी पडतात, त्या चिखलानं भरता येतात आणि घेर मुलाच्या मर्जीचा राहतो. सोबत हातभर लांबीचे गोणपाटाचे दोन तुकडे, एक छोटी थापी, ओळंबा म्हणून दोऱ्याला बांधलेला खडा आणि एक वीतभर रबरी नळी. पोत्यावर चित्र छापू नये, आत पुस्तिका घालू नये. खेळून झालं की विटा बादलीत बुडवाव्यात. तासाभरात चिखल सुटतो, आणि त्याच विटा दिवाळीत किल्ल्याच्या तटाला, उन्हाळ्यात धरणाला आणि मधल्या कुठल्याही रविवारी घराला लावता येतात.